गुगलवर पहिला आलेला रफीक

सोलापुरात नव्या पेठेत माझं जरी, झालर आणि बटणांचं दुकान आहे. बाजार मला तोंडावर दानेश्वरी अक्का म्हणतो. पाठीमागं काय म्हणतो तेही मला माहीत आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. गल्ल्यावर बसून माणसं बघण्यात माझा जन्म गेला. मूर्खांची आमच्याकडं कधीच टंचाई नव्हती, पण बहुतेक जण बिचारे जन्मतःच तसे असतात. रफीक मात्र कष्ट घेऊन, पदरचं घालून मूर्ख झाला. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या दुकानामागच्या बोळात वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथं बँडवाल्यांचे ड्रेस शिवतात. वरातीपुढं वाजवत चालणारे लोक लाल-निळे, सोनेरी झालरीचे कोट घालतात ना, ते. धंदा रफीकच्या वडिलांचा. वडील गेले तेव्हा खोली रफीकला मिळाली आणि काम गुलबानोला. गुलबानो त्याची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली ती पिशवी ठेवून थेट मशीनवरच बसली. ती आणि आणखी तीन बायका दिवसभर शिवतात. रफीक मालक. खुर्ची खिडकीशी ओढून घ्यायची आणि खालून जाणाऱ्या ओळखीच्यांना हाका मारायच्या, एवढं मालकाचं काम.

या धंद्याला वेळ फार थोडा. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाले रिकामे असतात, तेव्हाच ते नव्या ड्रेसचा विचार करतात. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू, मग कुणाला माप द्यायलाही सवड नसते. गेली दोन वर्षं बाहेरगावचे तयार कोट स्वस्तात मिळायला लागले आणि रफीकच्या खोलीतली मशीनं दुपारनंतर गप्प बसायला लागली. यंदा आषाढातच त्यानं जाहीर केलं, की तुळशीच्या लग्नापर्यंत ऑर्डरी आल्या तर बरं, नाहीतर खोली मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका ठोक व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायची.

गुलबानो झालर न्यायला आली तेव्हा तिनं मला हे सांगितलं.

"खोली गेली तर मी कुठं बसू, अक्का? युनिफॉर्मच्या कारखान्यात जावं लागंल. तिथं एकीनं नुसत्या कॉलरी शिवायच्या, दुसरीनं नुसते खिसे. अख्खा कोट कुणाच्याच हातात येत नाही."

कोट कापण्यापासून शेवटचा गोंडा लावण्यापर्यंत सगळं येणाऱ्या बाईला आयुष्यभर कॉलरी शिवायला बसवायचं, हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण रफीकला काय त्याचं? त्याला तेव्हा वेबसाईटचं वेड लागलं होतं.

वेबसाईट त्यानं उन्हाळ्यातच करून घेतली होती. उघडली की आधी रफीकचा फोटो, गॉगल लावलेला. मग रफीकचा दुसरा फोटो. कोट बघायचा असेल तर बरंच खाली जावं लागे. ती कुणी बघत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकानं त्याला जोतीरामची यादी सांगितली.

जोतीराम म्हणजे उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावचा, माढा तालुक्यातला. पंचवीस-तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, दात पडले तसं वाजवणं सुटलं, आता केळी लावतो. आणि फावल्या वेळात एक वेबसाईट चालवतो, फक्त बँडवाल्यांसाठी. दिसायला अगदी ओंगळ. पिवळ्यावर लाल अक्षरं, वर एक क्लॅरिनेटचा फोटो, तोही आडवा पडलेला. पण ढोलाचं चामडं कोण चांगलं चढवतो, पितळी वाद्याचा पोचा कोण काढतो, वरातीतले दिवे कुणाचे घ्यावेत, ड्रेस कुणाकडं शिवावा, सगळं तिथं गावासकट आणि फोन नंबरासकट. आपल्याकडचे, कर्नाटकातले, तेलंगणातले बँडमास्तर त्यात बघितल्याशिवाय खरेदीला निघत नाहीत म्हणे. हजार माणसंही ती साईट बघत नसतील, पण जी बघतात त्या प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी वाजवायचं अडकवलेलं असतं.

पैसे देऊन त्या यादीत जाता येत नाही. जोतीरामला एक कोट पाठवायचा. तो कोट एक ढोलवाला मिरवणुकीत घालतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तो बादलीत धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि मग जोतीराम बघतो, रंग गेला का, झालर काळी पडली का, ढोलाच्या पट्ट्याखाली खांदा उसवला का. टिकला तर यादीत नाव, नाही तर रामराम.

रफीकनं काय करावं? त्यानं मास्तरचा कोट पाठवला. बँडच्या पुढं चालतो त्या मास्तरचा कोट वेगळा असतो, मखमलीचा, खांद्यावर झुपके, छातीवर जरीच जरी. गुलबानो सांगत होती, ढोलवाल्याचा मागितलाय, तो पाठवा. रफीक म्हणाला, "आपली इज्जत ढोलवाल्याच्या कोटात दाखवू का?" आठवड्यात कोट परत आला, न घालता, न धुता. वर जोतीरामचा फोन.

"मास्तर नुसता हात हालवत चालतोय. त्याला कुटला घाम? ढोलवाल्याचा पाटवा, मग बगू."

रफीकचा चेहरा मखमलीसारखाच लाल झाला. माझ्या दुकानात येऊन तो अर्धा तास बोलला. केळीवाला मला शिकवतो, गावठी यादी, चार खेडवळ लोक बघतात, मला जगानं बघितलं पाहिजे. मी म्हटलं, "जगाला बँडचा ड्रेस लागतो का रे?" तो म्हणाला, "अक्का, तुम्हाला धंद्यातलं कळत नाही." माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून.

आणि मग दिग्विजय उगवला. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमधून बाहेर पडलेला, केसांना जेल लावलेला, लॅपटॉप काखोटीला मारलेला प्राणी. त्याच्या कार्डावर इतकं इंग्रजी होतं, की तो नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्याकडंही आला होता. "अक्का, तुमच्या दुकानाला ट्रॅफिक मिळवून देतो." भरदुपारी, नव्या पेठेत, जिथं रिक्षा काढताना माणसाच्या डोळ्यात पाणी येतं तिथं उभा राहून मला ट्रॅफिक देणार होता. मी त्याला पायरीवरूनच वाटेला लावला. तो सरळ मागच्या बोळात गेला, आणि रफीकनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि आपली अक्कलही दिली.

दिग्विजयचं म्हणणं असं, की बँडचा ड्रेस हा शब्द लोक शोधतच नाहीत. लोक जे शोधतात ते आपण लिहायचं. लोक शोधतात फॅन्सी ड्रेस. म्हणून रफीकच्या वेबसाईटवर जिकडंतिकडं फॅन्सी ड्रेस, फॅन्सी ड्रेस, लहान मुलांचे ड्रेस, गॅदरिंगचे ड्रेस. बँड बिचारा तळाशी एका ओळीत. मग सगळ्या ओळखीच्यांना फोन करून गुगलवर पाच-पाच तारे मागायचे. मी एक तारा दिला. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि ते आठ दिवस फार सुखात गेले.

नवव्या दिवशी धावत आला. मोबाईल माझ्या नाकापुढं धरला.

"बघा अक्का. बँड ड्रेस सोलापूर. पहिला कोण?"

पहिला रफीक होता. मी माझा फोन काढला, तेच लिहिलं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसरं बघायचा मला कंटाळा आला.

"तुमचा फोन जुना आहे," रफीक म्हणाला.

मी दिग्विजयला गाठून विचारलं. तो जरा चाचरला, मग म्हणाला, "अक्का, ते ज्याच्या त्याच्या फोनवर अवलंबून असतं. ते दिवसातून दहा वेळा तीच साईट उघडतात, त्यामुळं त्यांना तीच वर दिसते."

"म्हणजे तो रोज स्वतःलाच शोधतो म्हणून स्वतःलाच सापडतो?"

"तसंच काहीसं."

"आणि हे त्याला सांगितलंस?"

"ते खुश आहेत ना, अक्का," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

फॅन्सी ड्रेसमध्ये मात्र रफीक खरंच वर आला होता, माझ्या जुन्या फोनवरसुद्धा. आणि मग फोन सुरू झाले. श्रावण म्हणजे शाळांचे कार्यक्रम. उद्या सकाळी वांग्याचा ड्रेस मिळेल का? मोराचा आहे का, पिसाऱ्यासकट, भाड्यानं? आमच्या चिंटूला बटाटा दिलाय, बटाट्याचं काय घेता? या आयांचं मला कळत नाही. पोराला चारचौघांत बटाटा करून उभं करायचं आणि वर फोटो काढून गावाला दाखवायचा. पण त्यांना तरी का बोलू? गुगलला त्यांनी वांगं विचारलं, गुगलनं वांगं विकणारा दाखवला. त्यात गुगलचं काही चुकलं नाही. बँडमास्तर मात्र गुगलला काही विचारत नाही, तो दुसऱ्या बँडमास्तरला विचारतो. एवढी साधी गोष्ट रफीकच्या टाळक्यात शिरली नाही, कारण दिवसभर वाजणाऱ्या फोननं त्याला वाटत होतं की धंदा वाढला. गुलबानोच्या बायका जांभळ्या सॅटिनची वांगी शिवत बसल्या. भाड्यानं गेलेली वांगी दही-भात सांडून परत यायची.

त्या दिवसांत गुलबानो एकदा आली, गिऱ्हाईक नसताना.

"अक्का, तुमच्या फोनवर ती केळीवाल्याची यादी लावून द्या जरा."

तिनं ती सगळी वाचली. सावकाश, मान न हलवता. मग माझ्याकडून जाड कॅनव्हास घेतला, दुहेरी दोरा घेतला, पितळी बटणं घेतली. रात्रीचा, दुपारच्या जेवणाचा वेळ काढून तिनं ढोलवाल्याचा एक कोट शिवला. खांद्यात आतून कॅनव्हासचा तुकडा, त्यावर दोन उलट्या शिवणी. एसटीच्या पार्सलनं तो माढ्याला गेला. पाठवणाऱ्याचं नाव तिनं स्वतःचं घातलं, फोन नंबर स्वतःचा.

"भावाला सांगितलंस का?" मी विचारलं.

"सांगितलं तर थांबवतील. आधी टिकू दे."

कोट गणपतीच्या विसर्जनात एका ढोलवाल्यानं घातला, दिवसभर, गुलालात. नवरात्र बसायच्या आत यादीत नाव चढलं. मी गुलबानोला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'गुलबानो, नवी पेठ, सोलापूर. ढोलवाल्याचा कोट. खांदा टिकला. गुलाल धुतल्यावर गेला, मूळ रंग गेला न्हाय. झालर चांगली. डाव्या बाहीचं एक बटण तुटलं.'

बटण माझ्या दुकानातलं! मी तिथल्या तिथं त्या जोतीरामला फोन लावला. म्हटलं, माझी बटणं बत्तीस वर्षं सोलापुरात चालतात, तुम्ही कोण ठरवणार?

"अक्का, तुटलं ते तुटलं," तो म्हणाला. "आनी ते लिवलंय म्हनूनच बाकीच्यावर लोकं इस्वास ठेवत्यात."

मी फोन आपटला. पण खोटं कशाला बोलू, म्हातारा बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

दसऱ्यापासून गुलबानोचा फोन वाजायला लागला. उदगीरहून कुणी, बार्शीहून कुणी, विजापूरकडचा एक. वांग्यांचे नव्हेत, बँडवाल्यांचे फोन. दहा कोट, बारा कोट, आणि सगळे एकच विचारायचे: खांदा तोच ना, यादीतला? वांगी गुंडाळून माळ्यावर गेली. मशीनं दिवेलागणीपर्यंत चालायला लागली. रफीकला वाटलं, गुगल पावला. फोन कुणाच्या नंबरावर येतात ते त्यानं विचारलं नाही, गुलबानोनं सांगितलं नाही. त्यानं चक्क दिग्विजयचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पेढे. दिग्विजयनं तो निर्लज्जपणे घेतला. त्या खोलीत नारळ हातात धरून उभं राहिलेलं ते ध्यान मी कधी विसरणार नाही.

इथवर मी फक्त हसत होते. पण दिवाळीच्या तोंडावर रफीकच्या डोक्यातलं पुढचं गणित बाहेर आलं. ऑर्डरी आल्या होत्या तरी त्यानं कव्हरवाल्याला खोली द्यायचं पक्कं केलं होतं. म्हणाला, "गुगल माझ्या हातात आहे, अक्का. ऑर्डर मी घेईन, शिवायला युनिफॉर्मच्या कारखान्यात टाकीन. खोली अडकवून कशाला ठेवायची?"

"आणि गुलबानो?"

"तीही जाईल कारखान्यात. काम तेच की."

माणूस वाईट असता तर मला परवडलं असतं. हा वाईटही नव्हता. बहिणीला विचारायचं असतं, हे त्याला खरोखर सुचलंच नव्हतं.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी गुंडा मास्तर आला. बसवकल्याणकडचा, मोठ्या बँडचा मालक, पोट पुढं, कपाळाला विभूती. मी झालरीचे नमुने घेऊन वर गेले होते म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. रफीकनं त्याला खिडकीशी बसवलं, चहा मागवला आणि मोबाईल काढला.

"गुगलवर बघून आलात ना? बघा, पहिला मीच."

गुंडा मास्तरनं मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही.

"गुलबानोबाई कुटं बसत्यात? मला त्यांच्याकडं काम हाय."

"कारखाना माझा आहे, मास्तर."

"असंल की. यादीत नाव बाईंचं हाय. मी जोतीरामच्या यादीवर आलोय. बावीस कोट पायजेत, खांदा तसाच, आनी बिल बाईंच्या नावानं."

खोलीतली मशीनं एकेक करून थांबली. रफीकनं गुलबानोकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडावर जे काय होतं ते मी लपवलं नाही. त्याला तेव्हा कळलं, की दसऱ्यापासून फोन कुणाचे आणि कशामुळं येत होते. दुसरा कुणी असता तर तिथंच गप्प बसला असता. रफीकनं गुंडा मास्तरकडून जोतीरामचा नंबर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर लावला.

"मी मालक बोलतोय, सोलापूर. तुमच्या यादीत चुकून माझ्या बहिणीचं नाव पडलंय. ते काढा, माझं टाका. सगळ्यात वर टाका. आणि वेबसाईट पण टाका."

पलीकडं केळीत सोडलेल्या मोटारीच्या पाण्याचा आवाज येत होता.

"कोट कुनी शिवला?" जोतीरामनं विचारलं.

"माझ्या कारखान्यात शिवला."

"ते न्हाय इचारलं. बाई हायेत का तितं? त्यास्नी द्या." मग जरा मोठ्यानं: "बाई, तुमचं भाऊ म्हनत्यात नाव बदला. तुमी म्हनाल तसं. बदलू का?"

नाव बदललं असतं तर येणारी प्रत्येक ऑर्डर रफीकच्या फोनवर गेली असती, तिथून युनिफॉर्मच्या कारखान्यात, आणि गुलबानो कॉलरी शिवायला. हे त्या खोलीत रफीक सोडून सगळ्यांना कळत होतं. तिन्ही बायका मान खाली घालून बसल्या होत्या. गुलबानो भावासमोर कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. ती उठली, मशीनला हात टेकला.

"नक्को, जोतीरामभाऊ," ती म्हणाली. "माझंच राहू द्या."

"बरं," जोतीराम म्हणाला, आणि फोन बंद झाला.

रफीक म्हणाला, "खोली माझी आहे, गुल."

"खोली ठेवा, भाईजान. कव्हरवाल्याला द्या. अक्कांच्या दुकानावरचा माळा रिकामा आहे, आम्ही चौघी तिथं बसतो."

मला एका शब्दानं विचारलं नव्हतं! माळ्यावर माझे खोके होते, मोडका पंखा होता, दोन पिढ्यांची अडगळ होती. चौघींनी एकदम माझ्याकडं बघितलं.

"रिकामाच आहे," मी म्हणाले.

रफीक खुर्चीवर बसला. हातातला मोबाईल त्यानं एकदा उघडला, बंद केला. कव्हरवाला भाडं देणार होता, पण बावीस कोट देणार नव्हता, आणि उद्यापासून या खिडकीत बसून तो कुणाला काय म्हणून हाक मारणार, हे त्याच्या तोंडावर दिसायला लागलं होतं. मला वाटलं होतं, अशा वेळी मला त्याची थोडी तरी कीव येईल. नाही आली. मला पोटभर आनंद झाला.

गुंडा मास्तरनं चहा संपवला आणि उठून उभा राहिला. "माझ्या मापानंच सुरू करा," तो म्हणाला.

गुलबानोनं गळ्यातली टेप काढली. ती मास्तरकडं गेली नाही. टेप तिनं भावापुढं धरली.

"माप घ्या, भाईजान. मी लिहिते."

रफीक उठला, मास्तरच्या पाठीमागून टेप फिरवली, पुढं येऊन बोट ठेवलं.

"छाती, अडतीस."

गुलबानोनं मास्तरच्या पोटाकडं एकदा बघितलं. पेन्सिल तिनं कागदावर टेकवलीच नाही.

"परत घ्या," ती म्हणाली.

आणि त्यानं परत घेतलं.